शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या आणि त्यांचा हिशेब

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाच्या उशाशी दोन प्रकारचे हितचिंतक येऊन बसतात. एक म्हणतो, "दुखले तर दात-ओठ खाऊन सोस, पण त्या गोळ्या घेऊ नकोस, किडन्या जातात." दुसरा खिशातून पाकीट काढून म्हणतो, "ही घे, आमचा मेव्हणा हिच्यावरच चौथ्या दिवशी उभा राहिला." दोघांच्याही मनात माया असते आणि दोघेही चुकलेले असतात. या दोघांच्या मधली वाट कोणती, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात करावयाचा आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे काही शिकलो ते रात्रीच्या वेळी, ग्रंथालयातील पुस्तके उलगडून. तेव्हा हा विषय आम्ही का हाती घेतला, हे आधी सांगावयास हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका भट्टीवरील सहकाऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. घरी पाठवताना त्याला पाच दिवस पुरतील इतक्या गोळ्या दिल्या होत्या. रजा संपली, तो कामावर रुजू झाला आणि उभे राहणे जड जाऊ लागले. मग त्याने रिकामे पाकीट दुकानात दाखवून तशाच गोळ्या आणल्या. शेजाऱ्याने आणखी एका नावाच्या गोळ्या दिल्या, त्याही सुरू झाल्या. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. सहा आठवडे असे चालले. भट्टीसमोर घामाच्या धारा आणि पाणी पिण्यास सवड नाही. एके दिवशी डांबरासारखी काळी शी झाली आणि पाळीवर असतानाच तो चक्कर येऊन पडला. इस्पितळात कळले की जठरातील व्रणातून रक्त जात होते आणि मूत्रपिंडांचे काम निम्म्यावर आले होते. दोन्ही पाकिटांवरची नावे वेगळी होती, आतले औषध एकच होते : डायक्लोफिनॅक.

सहकारी वाचला, पुढे बराही झाला. पण आम्हांस स्वतःची शरम वाटली. पगाराची पावती कशी वाचावी, कोणती कपात रास्त आणि कोणती गैर, हे आम्ही शेकडो माणसांना शिकवले होते. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिले आहे, हे मात्र एकालाही कधी सांगितले नव्हते. आम्हांलाच ते ठाऊक नव्हते.

वेदना शमवावयाचीच कशाला, असा प्रश्न काही जुनी माणसे विचारतात. सोसणे हा सद्गुण खरा. पण शस्त्रक्रियेनंतर तो कामाचा नाही. पोटावर टाके असलेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दुखते म्हणून तो अंथरुणावरून उठत नाही. मग पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. झोप नाही, भूक नाही. म्हणून वेदना आटोक्यात ठेवणे हा चोचला नसून उपचाराचाच भाग होय.

आता, वेदना शमवणारी सर्वांत जुनी व बलवान औषधे म्हणजे अफूपासून निघालेले मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांना पर्याय नसतो. परंतु त्यांनी गुंगी येते, मळमळते, शौचास होत नाही, मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि फार दिवस घेतली तर सवय जडते. अमेरिकेत या औषधांच्या सढळ वापराने केवढा अनर्थ केला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. म्हणून शक्य तेवढा भार अफूच्या जातीबाहेरील गोळ्यांवर टाकावा, असे आजचे वैद्यक सांगते. त्या गोळ्यांची मुख्य घराणी दोन. एक पॅरासिटॅमॉलचे, आणि दुसरे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक अशांचे. या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे ॲस्पिरिन.

ॲस्पिरिन १८९९ सालापासून बाजारात होते, तरी ते काम कसे करते हे पुढची सत्तर वर्षे कोणास ठाऊक नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने ते दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना, दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह, नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा शोध थोडक्यात असा. शरीरास जखम झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे जागा सुजते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी होऊन साधा स्पर्शही दुखतो. या गोळ्या ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज व वेदना उतरते.

पण गोष्ट इथे संपत नाही. याच द्रव्यांवर शरीराने दुसरीही कामे सोपवली आहेत. जठरातील आम्लापासून जठराच्या अस्तराचे रक्षण तीच करतात. शरीरातले पाणी वा रक्त कमी झाले असता मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तीच उघड्या ठेवतात. आणि रक्तातील बिंबिकांनी एकत्र येऊन गुठळी धरावी, यालाही त्यांच्याच गोतातील एक द्रव्य लागते. कारखान्याचा भोंगा कर्कश वाजतो म्हणून कोणी साऱ्या इमारतीची वीज तोडली, तर भोंगा थांबेल खरा, पण पाण्याचा पंपही थांबेल. या गोळ्यांचे गुण आणि दोष एकाच मुळातून निघालेले आहेत. हे एकदा ध्यानात आले की पुढची सारी पथ्ये पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप समजतात.

प्रथम जठर घ्या. पुष्कळांची समजूत अशी की गोळी पोटात पडून चुरचुरते, म्हणून जेवणानंतर घेतली की निभावले. जेवणानंतर घेतल्याने मळमळ व जळजळ कमी वाटते, हे खरे. पण व्रण पडतो तो मुख्यतः रक्तात गेलेल्या औषधामुळे. म्हणून याच औषधाची सुई टोचून घेतली तरी जठराचा धोका टळत नाही. ज्यास पूर्वी अल्सर झाला आहे, ज्याचे वय साठ-पासष्टच्या पुढे आहे, जो रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची औषधे घेतो, त्याला हा धोका अधिक. अशांना डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात आणि तिचा उपयोग होतो. मात्र ती गोळी जठराची राखण करते, मूत्रपिंडाची नव्हे.

मूत्रपिंडाचे म्हणाल तर निरोगी, तरुण, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. "किडन्या जातात" असे सरसकट सांगणारा हितचिंतक इथे चुकतो. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी माणूस उपाशी असतो, रक्त गेलेले असते, उलट्या झालेल्या असतात. मूत्रपिंडाला त्या संरक्षक द्रव्यांची गरज नेमकी तेव्हाच असते. त्यात वय झालेले, मधुमेह जुना, किंवा रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू, अशा स्थितीत ही गोळी भर घालते. आमच्या भट्टीवरील सहकाऱ्याचे हेच झाले. एकेक कारण त्याने पचवले असते. सगळी एकत्र आली.

या औषधाने मूत्रपिंड बंद पडून किती मोठा संहार होऊ शकतो, याचे उदाहरण माणसांतले नव्हे तर पक्ष्यांतले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशातील गिधाडे भराभर नाहीशी झाली. जनावरांना डायक्लोफिनॅक टोचले जाई आणि ती मेली की त्यांचे मांस गिधाडे खात. त्यांच्या शरीरास हे औषध मुळीच सोसत नाही. मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. हे कारण २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. त्याला हेच औषध योग्य मात्रेत सोसते. पण एकास सोसलेले दुसऱ्यास सोसेलच असे नाही, एवढा धडा त्या पक्ष्यांपासून घ्यावयास हरकत नाही. मेव्हण्याला लागू पडलेली गोळी आपल्याला देणाऱ्या हितचिंतकाने तो विशेष घ्यावा.

तिसरी गोष्ट रक्तस्रावाची. ॲस्पिरिनची एक गोळी बिंबिकांना कायमचे निकामी करते आणि नव्या बिंबिका तयार होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी ॲस्पिरिन देत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा हा परिणाम औषध शरीरातून गेले की ओसरतो. तरीही ज्या शस्त्रक्रियेत थोडाही रक्तस्राव घातक, तिथे शल्यविशारद त्यांना काही काळ दूर ठेवतात. हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी रोज घेणाऱ्यांनी एक जपावे. ती आपल्या मनाने बंद करू नये, आणि आयबुप्रोफेन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कारण आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या वाटेत आडवे येते.

चौथी गोष्ट हृदयाची, आणि तिची हकीकत मोठी बोधप्रद आहे. जठराला त्रास होणार नाही अशी नवी गोळी शोधण्याचे प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरीस झाले आणि १९९९ साली रोफेकॉक्सिब नावाचे औषध मोठ्या गाजावाजाने बाजारात आले. जठरास ते सौम्य होते खरे. पण त्याने हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसून आल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ते साऱ्या जगातून मागे घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या दोन औषधांचा, पॅरेकॉक्सिब आणि वाल्डेकॉक्सिब यांचा, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहाच दिवसांच्या उपचारात औषध घेणाऱ्या शंभरांपैकी दोघांना हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा गंभीर विकार झाला. नकली औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण दोनशेत एक होते. म्हणून बायपासनंतर या घराण्यातील औषधे देऊ नयेत असा दंडक पडला. ज्यास हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्याने इतर शस्त्रक्रियांनंतरही ही गोष्ट आपण होऊन डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आता पॅरासिटॅमॉलकडे वळू. हे औषध मुख्यत्वे मेंदू व मज्जारज्जूच्या पातळीवर काम करते. सूज ते फारसे उतरवत नाही. पण नेहमीच्या मात्रेत जठर, मूत्रपिंड आणि रक्त यांना त्याचा उपद्रव फार थोडा. म्हणूनच बहुतेक शस्त्रक्रियांनंतर पाया त्याचाच घालतात. त्याचा वैरी अवयव एकच, यकृत. पॅरासिटॅमॉलचा थोडा अंश यकृतात विषारी होतो आणि यकृत ते विष लागलीच निवारते. मात्रा वाढली की निवारणाचा साठा संपतो आणि यकृत जळू लागते. प्रौढ माणसाने चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. किरकोळ अंगाच्या, दारूची सवय असलेल्या वा यकृताचा विकार असलेल्या माणसाची मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांनी ठरवावी.

चार ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले, एवढे कोण घेतो, असे वाटेल. हिशेबच करून पाहू. शस्त्रक्रियेनंतर ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, म्हणजे २,६०० झाले. दुसरी "दुखण्याची" गोळी सकाळ-संध्याकाळ. तिच्यात ॲसिक्लोफिनॅकच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असते, म्हणजे ६५० आणखी. त्यातच सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली गोळी तीन वेळा. तीत ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १,५००. एकूण ४,७५०. रोग्याने काही वावगे केले नाही. तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या, आणि मर्यादा ओलांडली. यकृताच्या विषबाधेचा कावा असा की पहिल्या दिवशी माणसाला फारसे काही जाणवत नाही. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो उत्तम आहे. पण तो पहिल्या आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत गुणकारी. तेव्हा गोळ्या जास्त गेल्याचे ध्यानात येताच, बरे वाटत असले तरी इस्पितळ गाठावे.

मिश्र गोळ्यांचा हा घोळ आपल्या देशात फार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत वेदनाशामकांचीही मिश्रणे होती. परंतु सरकारी बंदी येईल तेव्हा येईल. पाकिटाची मागची बाजू आज आपल्या हातात आहे. समोर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते, ते आपल्या उपयोगाचे नाही. मागे बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव व मिलिग्रॅम असतात, ते वाचावे. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावे. "पॅरासिटॅमॉल" हे नाव दोन पाकिटांत आले तर बेरीज करावी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी दोन नावे आली तर दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे. या घराण्यातील दोन औषधे एकत्र घेतल्याने गुण वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

याउलट दोन वेगळ्या घराण्यांची जोडी फार उपयोगी पडते. जगभरातील प्रयोग एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था १९९३ पासून काम करते. अक्कलदाढ काढल्यानंतर पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र घेतलेल्यांचे प्रयोग तिने तपासले. शंभरांतील सुमारे सत्तर जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून कमी झाली; नकली गोळी घेणाऱ्यांत हे भाग्य दहांनाही लाभले नाही. एकेकट्या औषधाचे यश याहून कमी. अर्थात ज्यास दोन्ही चालतात त्याच्यासाठीच ही जोडी. सिझेरियन झालेल्या आमच्या भगिनींना अंगावर पाजताना ही औषधे चालतील का, अशी धास्ती असते. पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन त्या काळात नेहमीच्या मात्रेत चालतात. गरोदरपणी मात्र, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, आयबुप्रोफेनचे घराणे वर्ज्य समजावे.

इथे एक चिकित्सक श्रोता विचारील, की हे सारे प्रयोग खरे कशावरून? प्रश्न रास्त आहे. २००९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्कॉट रुबेन नावाच्या भूलतज्ज्ञाची लबाडी उघडकीस आली. शस्त्रक्रियेनंतर याच वर्गातील औषधे किती गुणकारी आहेत, याविषयीच्या त्याच्या एकवीस निबंधांतील माहिती बनावट ठरली. पुढच्या वर्षी त्याला सहा महिन्यांची कैद झाली. साऱ्या जगातील भूलतज्ज्ञ त्या निबंधांवर विसंबले होते. मग काय राहिले? त्याचे निबंध बाजूला काढून उरलेल्या, इतरांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांची पुन्हा छाननी झाली आणि मुख्य निष्कर्ष टिकून राहिले. एका माणसाच्या शब्दावर उभे असते ते कोसळते. अनेकांनी तपासलेले उभे राहते. आमच्या संघटनेत हिशेबाची वही दोन वेगळी माणसे तपासतात, त्यामागे हाच विचार आहे.

शेवटी एक गोष्ट आम्हांस कामगारांच्या वतीने सांगावयाची आहे. गोळी वेदना कमी करते, जखम भरून आणीत नाही. हर्नियाच्या टाक्यांवर ताण पडू नये म्हणून डॉक्टर ओझे उचलण्यास मनाई करतात. गोळीने दुखणे थांबले तरी आतील ऊती तेवढीच कच्ची असते. ज्याची रजा बिनपगारी आहे, तो माणूस ही गोळी पथ्य म्हणून घेत नाही, रजेच्या बदली घेतो. त्याला "गोळ्या कमी घे" असे सांगणे सोपे आहे. त्याची भरपगारी रजा मिळवून देणे कठीण आहे. आमच्या सहकाऱ्याला सहा आठवडे गोळ्या गिळाव्या लागल्या, त्यात दुकानदाराचा दोष होता, शेजाऱ्याचा होता, आणि त्याला आठ दिवस आणखी विश्रांती मिळावी म्हणून जे भांडले नाहीत त्या आमचाही होता.

तेव्हा घरी निघताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. या गोळीतील औषधाचे खरे नाव काय? ती किती वेळा आणि किती दिवस घ्यावयाची? माझ्या चालू औषधांबरोबर आणि जुन्या दुखण्यांत ती चालेल ना? तिसरा प्रश्न विचारताना आपल्या घरची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत; नावे तोंडपाठ असण्याची गरज नाही. पहिल्या दिवसांत गोळी ठरल्या वेळी घ्यावी, दुखणे असह्य होईपर्यंत थांबू नये. दुखणे उतरू लागले की आधी आयबुप्रोफेनच्या घराण्यातील गोळी सोडावी, मग पॅरासिटॅमॉल. दिवसेंदिवस कमी व्हावयाचे दुखणे वाढू लागले, ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखू लागली, लघवी कमी झाली किंवा शी काळी झाली, तर गोळी वाढवू नये. त्याच दिवशी इस्पितळात जावे.

आमच्या संघटनेच्या कार्यालयात आता एक भिंग ठेवले आहे. पूर्वी लोक त्याने पगाराच्या पावतीवरील बारीक आकडे वाचीत. अलीकडे कुणी ना कुणी गोळ्यांचे पाकीट घेऊन येतो. भट्टीवरचा तो सहकारीच पुष्कळदा ते वाचून दाखवतो.